लाल गाडीच्या मालकिणी

भावजी, तुमच्या तेराव्याला जेवायला आलेल्या बहुतेकांनी मला एकच विचारलं, आता गाडीचं काय करणार? मी वाढता वाढता प्रत्येकाला 'बघू' म्हणत होते. तुमच्या ऑफिसातले जुने सोबती तर पानावर बसायच्या आधी खाली पार्किंगमध्ये जाऊन, ताडपत्री वर करून, गाडीभोवती फिरून आले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तुम्ही असतात तर तुम्हीच त्यांना खाली घेऊन गेला असतात, आणि आमटी गार होईपर्यंत वर आला नसतात.

मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर समजून घ्याल. मला वाटत होतं, तुमच्या आजारपणानं दमले. तुम्ही गेल्यावर कळलं, ही दमणूक जुनी आहे, तिला बसायला वेळ मिळाला नव्हता एवढंच. दुपारी आडवी होते, पण डोळा लागत नाही. समोरच्या ब्लॉकचं दार वाजेल असं वाटत राहतं. हे गेल्यानंतर इतकी वर्षं तुम्ही त्या दारातून या दारात दोन्ही वेळा जेवायला येत होतात, बेल न वाजवता, चपला आपटत. मी आतून 'आलात?' म्हणायची आणि तुम्ही 'नाही, अजून येतोय' म्हणायचात. रोज तेच. तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

गाडी आली तेव्हा हे होते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तुम्ही स्कूटरचा कसलासा भाग बनवून घ्यायला गेला होतात. तिथे एका शेडच्या मागे गोणपाटांखाली तुम्हाला ती दिसली. मळकट पांढरी, टायर बसलेले, छताच्या कापडात उंदरांनी संसार मांडलेला. शेडवाल्यानं सांगितलं, कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं ते परत आलंच नाही, घेऊन जा, माझी जागा मोकळी होईल. तुम्ही टेम्पोत घालून ती मुलुंडला आणलीत. अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. तिचं इटालियन नाव तुम्ही तोंड भरून सांगितलंत, शेवटचा स्वर लांबवून. मला ते नाव आजही नीट म्हणता येत नाही. हे गेटवर उभे राहून तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "सुधा, ही दोन सीटची गाडी. आपण तिघं."

तुम्ही म्हणालात, एकानं घरी थांबायचं. तो एक कोण, हे कुणी बोललं नाही. मी आत जाऊन कुकर लावला.

पुढची कित्येक वर्षं ती नुसतीच उभी होती आणि तुम्ही तिच्याखाली आडवे होतात. सुट्टीच्या दिवशी तुमचे फक्त पाय दिसायचे. मी चहा आणून तुमच्या पायांपाशी ठेवायची. रंग खरवडायला घेतलात तेव्हा पांढऱ्याखाली पिवळा निघाला आणि पिवळ्याखाली लाल. तुम्ही धावत वर आलात आणि मला हाताला धरून खाली नेलंत. तो लाल मात्र मला आवडला होता, भावजी. पिकलेल्या कोकमाच्या आत असतो तसा. पुढे गाडी चालती केलीत तेव्हा रंगही तोच दिलात. तुम्ही म्हणालात, प्रत्येक रंगाचा एक मालक असणार, ते सगळे मी शोधून काढणार आणि एका कागदावर ओळीनं लिहिणार. जुनी कागदपत्रं धड नव्हती. जी होती त्यांच्यात मधली वर्षंच्या वर्षं गायब होती. तुम्ही आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग्ज काढलेला माणूस. रेघ मध्येच तुटलेली तुम्हाला बघवायची नाही.

पांढरा रंग लवकर सापडला. घाटकोपरचे एक हार्डवेअरवाले निघाले. मुलीच्या लग्नात वरातीसाठी त्यांनी गाडी घेऊन पांढरी करवली होती. आणि नवरीनं ऐन वेळी त्या गाडीत बसायला साफ नकार दिला, शालूला पेट्रोलचा वास लागेल म्हणून. मग त्यांनी ती चारकोपला दुरुस्तीला टाकली आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. पिवळा रंग अंधेरीच्या शेठचा. शूटिंगला गाड्या भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा होता. गाडी कॅमेऱ्यात उठून दिसावी म्हणून पिवळी केली, असं त्यांनी सांगितलं. फार थकलेले होते, पण शब्द साफ होते. गाडी कुणाकडून घेतली असं विचारलं तर म्हणाले, मनोरीच्या एका डॉक्टरची होती, पण द्यायला बाई आली होती. तुम्ही घरी येऊन म्हणालात, म्हाताऱ्याची काहीतरी गफलत होतेय, त्या काळात असल्या गाडीचा व्यवहार बाई कशाला करेल.

ही शोधाशोध चालू असतानाच हे गेले. त्यानंतर वर्षभर तुम्ही गाडीला हात लावला नाहीत. आणि मग एका सकाळी दारात उभे राहून मला म्हणालात, वहिनी, चला, गाडी शिकवतो. मी म्हटलं, या वयात? तुम्ही म्हणालात, गाडीचं वय बघा.

आरे कॉलनीतल्या त्या रस्त्यावर मी शिकले. तबेल्यांच्या बाजूनं म्हशी आडव्या यायच्या, मागून बस हॉर्न मारायची, आणि माझा पाय क्लचवर थरथरायचा. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. 'समोर बघा' एवढंच म्हणायचात. मी समोर बघत असले की तुम्ही बोलायचात. एरवी जेवताना तुमचं बोलणं मीठ कमी आहे यापलीकडे जायचं नाही. त्या रस्त्यावर मात्र तुम्ही ह्यांच्याबद्दल बोललात. लहानपणी वेंगुर्ल्याला विहिरीत पडलात तेव्हा ह्यांनी उडी मारली होती, आणि ह्यांना पोहता येत नव्हतं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. "दादा गेला तेव्हा मला रडता आलं नाही," तुम्ही म्हणालात. "लोकांना वाटलं, कसा दगड आहे." मला वळून तुमच्याकडे बघायचं होतं. वळण आलं, गियर बदलायचा होता, आणि तुम्ही पुन्हा 'समोर बघा' म्हणालात. मी गियर टाकला. मला काय म्हणायचं होतं ते आज सांगते. तुम्ही दगड नव्हतात हे मला माहीत होतं. ह्यांचे शर्ट तुम्ही कुणाला देऊ दिले नाहीत आणि स्वतः घातलेही नाहीत, तेव्हाच कळलं होतं.

मनोरीला तुम्ही मला बरोबर नेलंत, कारण बाईमाणूस सोबत असलं की लोक दार उघडतात, असं तुमचं म्हणणं. मार्व्याच्या जेट्टीवरून बोटीनं पलीकडे गेलो. चर्चच्या मागे डॉक्टरांचं घर विचारत विचारत गेलो तर डॉक्टर कधीच वारलेले. घरात त्यांची धाकटी मुलगी ॲग्नेस एकटी राहत होती. माझ्याच वयाची, गुडघे माझ्याहून वाईट. लुगड्याचा ओचा सावरत तिनं आम्हाला ओसरीवर बसवलं. तुम्ही गाडीचे फोटो काढून दाखवलेत. तिनं फोटो हातात घेतलाच नाही. म्हणाली, पपांची गाडी चोरीला गेली, हेच लिहा. तुम्ही विचारलंत, पोलिसांत तक्रार केली होती का? त्यावर ती चहा करायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला तेव्हाच वाटलं होतं, आपण उठावं.

तुम्ही उठणाऱ्यातले नव्हतात. पुन्हा गेलो. या वेळी मी खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. ती आणि मी स्वयंपाकघरात बसलो, तुम्ही उंबऱ्याशी खुर्ची ओढून. बांगडे साफ करता करता, आमच्यापैकी कुणी काही न विचारता, ती बोलायला लागली.

डॉक्टरांना ती गाडी हवी होती तेव्हा त्यांच्याजवळ काही नव्हतं. ॲग्नेसच्या आईला, सबिनाबाईंना, माहेरकडून समुद्राकाठची माडांची वाडी आली होती. ती विकली आणि त्यातून गाडी बोटीनं इटलीहून आली. गाडी मालाडच्या दवाखान्यामागे उभी असायची. रविवारी डॉक्टर ती घेऊन दूर निघून जायचे. एकटे. दोन सीट असून एकटे. घरात पाच पोरं, कौलं गळायची, आणि डॉक्टरांच्या मिळकतीतला मोठा वाटा गाडीच्या पोटात जायचा. कधी एखादा भाग परदेशातून मागवायचा असायचा, कधी अजून काही. असंच एकदा डॉक्टर सणाला गोव्याला गेले असताना सबिनाबाईंनी दवाखान्याच्या ड्रायव्हरला बोलावलं. त्याच्या शेजारी बसून त्या अंधेरीला गेल्या, गाडी देऊन आल्या. आलेल्या पैशांत घराचं छप्पर झालं.

"पपा गोव्याहून आले त्याच दिवशी आयनं सांगितलं," ॲग्नेस म्हणाली. "भात वाढताना. मी समोर होती."

डॉक्टरांनी पानातला भात संपवला. पण दुसऱ्या दिवसापासून गावात सांगत सुटले, गाडी चोरीला गेली. लोक भेटायला यायला लागले, मयताला येतात तसे. डॉक्टर त्यांच्यापुढे मान घालून बसायचे आणि सबिनाबाई सगळ्यांना चहा करून द्यायच्या. मरेपर्यंत त्यांनी नवऱ्याचं ते बोलणं खोडलं नाही. हे सांगून झाल्यावर ॲग्नेसनं विळी बाजूला सारली आणि तुमच्याकडे बघून म्हणाली, तिनं पपांची लाज राखली, ती मी आता उघडी करू? चोरीला गेली असंच लिहा. तिनं हात जोडले होते, भावजी. त्या हातांना बांगड्याची खवलं चिकटलेली होती.

परत येताना जेट्टीवर आपलं भांडण सुरू झालं. ते खरं तर कधी संपलंच नाही. मी म्हणत होते, तिच्या आईचं उघड करू नका, खोटी चोरीही लिहू नका, तेवढी जागा कोरी सोडा. तुम्ही म्हणालात, कोरी जागा म्हणजे संशय. आणि चोरी लिहिली तर अंधेरीचे शेठ चोरीचा माल घेणारे ठरतात. तो माणूस अजून जिवंत आहे, आपल्याला त्यानं सरबत पाजलं आहे. तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला राग आला तो पुढच्या वाक्याचा. तुम्ही म्हणालात, बाईनं केलं ते चूकच, नवऱ्याची गाडी परस्पर विकायचा तिला काय हक्क होता?

मी म्हटलं, "वाडी कुणाची विकली होती, भावजी?"

तुम्ही खिशातून बोटीची तिकिटं काढून मोजलीत. मग म्हणालात, ते कागदात कुठं नाही. मी म्हटलं, कागदात मी पण कुठं नाही. बोट आली. आपण दोन वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

मग महिनोन् महिने तेच. जेवताना तुम्ही मध्येच सुरू करायचात. कधी फार चिडलात की मालवणीत शिरायचात, 'ह्यां खोटां आसा, वैनी', आणि ताट ढकलून उठायचात. जुन्या गाड्यांचे शौकीन लोक यायचे. गाडी बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण सगळ्यांना मालकांची साखळी पूर्ण हवी असायची. तुम्ही प्रत्येकाला सांगायचात, एक नाव अडलंय. अडलंय म्हणजे सापडलं नाही, असं त्यांना वाटायचं. सापडलेलं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, भावजी. माझ्याशी इतकं भांडूनही तुम्ही त्या बाईच्या जोडलेल्या हातांबाहेर गेला नाहीत. हे मी तुम्हाला बोलून दाखवायला हवं होतं. मला वाटलं, भांडण संपलं की बोलू.

मग तुमची भूक गेली. आधी मला वाटलं, माझ्यावर राग आहे म्हणून जेवत नाही. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, ते कशाला उगाळू. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, गाडी तुमच्या नावावर झालीय. मी म्हटलं, कधी? तर म्हणालात, मागे सोसायटीच्या कागदांबरोबर सह्या घेतल्या होत्या ना तुमच्या, त्यातच होतं. मी इतकी संतापले की त्या दिवशी तुमच्याशी बोललेच नाही. तुमची औषधं, डबे, जिना चढणं उतरणं, आणि वर आता ही गाडी. मला वाटलं, हा माणूस जाताना पण मला कामाला लावून चाललाय. का केलंत, असं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारेन म्हटलं, तर तुम्हाला नळ्या लावलेल्या.

सबिनाबाईंचा हक्क तुम्ही तोंडानं कधी मान्य केला नाहीत. मग गाडी एका बाईच्या नावावर केलीत, हे तुमचं उत्तर होतं का? का दुसरं कुणी नव्हतंच म्हणून? मी उलटसुलट विचार करते आणि दमते. तुमच्यासारख्या माणसाचं असंच. तुम्ही पाना हातात द्यायचात, कशाला ते सांगायचात नाही.

तुमचं सगळं आटोपल्यावर मी मनोरीला एकटी गेले. ॲग्नेसला सांगायला हवं होतं. तिनं दार उघडलं, माझ्या मागे कुणी नाही हे बघितलं, आणि तिला कळलं. दोघी ओसरीवर बसलो. तिनं तुमच्याबद्दल फार विचारलं नाही, जेवले होते का शेवटी नीट, एवढंच. मी म्हटलं, नाही. मग मी तिला गाडी माझ्या नावावर झाल्याचं सांगितलं. आणि सांगितलं की मला ती सांभाळवत नाही, द्यायची आहे. नाशिकचं एक जोडपं घ्यायला तयार आहे, दोघांनाही गाड्यांचं वेड आहे, सांभाळतील. फक्त त्यांना साखळी पूर्ण हवी आहे, आणि तू नको म्हणालीस तर ती जागा मी कोरीच ठेवणार, मग ते घेवोत न घेवोत.

ती उठून अंगणातल्या कोंबड्यांना मूठभर तांदूळ टाकून आली. मग म्हणाली, "आय गेली, पपा गेले, तुमचे भावजी पण गेले. आता लाज कुणाची राखायची? आपली दोघींची?"

मी विचारलं, काय लिहू? तिनं सांगितलं, चोरली नको आणि परस्पर दिली पण नको. गाडी तिची होती, तिनं विकली, असं लिही. तिचं नाव कुठंच नाही गं. चर्चच्या मागे कबरीच्या दगडावर पण डॉक्टरांची बायको एवढंच आहे.

म्हणून मी तसं लिहिलं, भावजी. तुमच्या त्या कागदावर, तुमच्यासारख्याच सरळ ओळीत. डॉक्टर आणि सबिनाबाई, मग अंधेरीचे शेठ, मग घाटकोपरवाले, मग तुम्ही, मग मी. सबिनाबाईंच्या नावापुढे लिहिलं, गाडी माडांच्या वाडीच्या पैशांची, म्हणून त्यांची, आणि त्यांनीच विकली. शेठजींना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी सांगत होतो ना, बाईच आली होती. त्यांना बरं वाटल्याचं आवाजात कळत होतं. तुम्हाला पटलं असतं की नाही, कोण जाणे. बहुतेक म्हणाला असतात, तारखा कुठे आहेत.

गाडी न्यायला नाशिकचे लोक येणार त्याच्या आदल्या दिवशी ॲग्नेस मुलुंडला आली. बोट, बस, रिक्षा करत, पिशवीत सुके बोंबील घेऊन. तिला एकदा बघायची होती. मी ताडपत्री काढली. ती समोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं, "एवढीशी?" लहानपणी तिला ती घराएवढी वाटायची म्हणे. पपांनी पोरांपैकी कुणाला कधी बसू दिलं नव्हतं.

मी डावीकडचं दार उघडलं. गुडघ्यांमुळे तिला आत शिरायला वेळ लागला. मी पलीकडून येऊन स्टिअरिंगपाशी बसले. सोसायटीचे सेक्रेटरी जाता जाता थांबले, चालू करून दाखवताय का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. चावी वरच राहिली होती, आणि पुन्हा जिना चढायची माझी इच्छा नव्हती. ॲग्नेसनं डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला, धूळ आहे का बघावी तसा. मग तिनं चपला काढल्या, पाय पुढे पसरले, डोकं मागे टेकलं. म्हणाली, जागा बरी आहे गं पायांना.

थोड्या वेळानं ती घोरायला लागली. मी पण डोळे मिटले. वरून कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. बघू, पाच मिनिटांनी उठू, असं म्हणत मी तिथेच झोपले, भावजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, गाढ.